माहूरगडाचा हिशेब : लोणारहून रेणुकेला जायला किती लागतात?

आमच्या लोणारात देवीला जायचं म्हणजे खाली उतरायचं. कमळजा माता विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठावर बसली आहे. जाताना पाय आपोआप चालतात, येताना दम लागतो, आणि खर्च म्हणाल तर एक नारळ. पण ज्या घरांची कुलदेवी रेणुका आहे त्यांचं एवढ्यावर भागत नाही. घरात लग्न झालं, नातू झाला, नवस फिटला की माहूरचा गड चढावा लागतो. मग ओसरीवर एकच प्रश्न निघतो, ‘किती लागतील हो भाऊ?’

ह्या प्रश्नाला गावात दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत उत्तरं मिळतात आणि सगळी खरी असतात. दोन हजारवाला एकटा एसटीने गेलेला असतो, पंधरावाल्याने अख्खी गाडी करून रात्रीचा मुक्काम केलेला असतो. म्हणून इथे एकच आकडा सांगत नाही. सहा माणसांचं एक घर डोळ्यांसमोर ठेवतो आणि त्याचा खर्च वाटेवाटेने मोजतो. समजा आजी ७८ वर्षांची, वडील ६८, आई ६२, नवरा-बायको पस्तिशीतले आणि नऊ वर्षांचा मुलगा. आपल्या घरात माणसं कमी-जास्त असतील तर तेवढी खाडाखोड करून घ्या. एसटी, कर आणि कायद्याचे आकडे आहेत तसे दिले आहेत. गाडीभाडं, खोली आणि जेवण ह्यांचे आकडे मात्र मी हिशेबासाठी धरलेले आहेत, त्या जागी तुम्हाला मिळालेला भाव लिहा.

गड कुठला आणि देवी कुठली

आधी एक घोळ दूर करू. आपण सरसकट ‘माहूरगड’ म्हणतो, पण किल्ला आणि देवीचं ठाणं ह्या दोन वेगळ्या जागा आहेत, एकमेकींना लागून. रेणुकेचं मंदिर एका डोंगरावर आहे. शेजारच्या डोंगरावर तटाबुरुजांचा जुना किल्ला आहे, त्याला रामगडही म्हणतात. दत्तशिखर आणि अनसूया शिखर ही आणखी दोन ठाणी पुढे आहेत. साडेतीन शक्तिपीठांतलं रेणुकेचं हे एक पूर्ण पीठ. दत्तभक्तांच्या श्रद्धेप्रमाणे दत्तगुरू कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात. महानुभावांचं देवदेवेश्वरही इथेच आहे. एका गावात एवढ्या पंथांची वाहतूक असल्याने वर्षाचा कुठलाच महिना इथे अगदी सुना जात नाही, आणि ह्याचा खर्चाशी संबंध कसा ते पुढे येईलच.

किल्ल्याचा काळ मोठा आहे. यादव, गोंड, बहमनी, वऱ्हाडची इमादशाही आणि मग मोगल असे धनी त्याने पाहिले. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तीत मेहकर आहे, बाशीम म्हणजे आजचं वाशिम आहे आणि माहूरही आहे. लोणार तेव्हा मेहकर सरकारात मोडायचं. म्हणजे आज आपण लोणार, वाशिम, माहूर असे जातो तेव्हा जुन्या हिशेबाने तीन सरकारं ओलांडतो. माहूरच्या देशमुखांच्या घरातली सावित्रीबाई, जिला औरंगजेबाकडून ‘रायबागन’ हा किताब मिळाला, तीही इथलीच. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं तेव्हा ती खानाच्या फौजेत होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला. पुढे तोफा गंजल्या, किल्लेदार गेले, पण लोकांचं येणं थांबलं नाही. आता गडावर चढणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना शेजारी किल्ला आहे हे माहीत असतं, हा वेगळाच प्रश्न. त्याकडे परत येऊ.

अंतर आणि वाट

लोणार, रिसोड, वाशिम, पुसद, माहूर ही सरळ वाट. एकेरी अंतर १९० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ३८०, आणि माहूरला तिन्ही शिखरांवर फिरणं, चहाला थांबणं, एखादी वाट चुकणं धरून ४२० किलोमीटर हिशेबात घ्या. मेहकर, मालेगाववरून वाशिमला जाता येतं, पण ती वाट वळशाची आहे. गंमत अशी, की मेहकरला घाटाखाली दिसणारी पैनगंगा, जी आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, तीच माहूरच्या अलीकडे पुन्हा आडवी येते आणि त्या डोंगरांना वळसा घालून पुढे जाते. तिला तो रस्ता फुकट पडतो.

वाटेत वाशिमला बालाजीचं दर्शन घेतलं तर जादा खर्च काही नाही, गाव रस्त्यावरच आहे. पण ‘निघालोच आहोत तर पोहरादेवी करू, औंढा नागनाथही करून घेऊ’ असा बेत गाडीत बसल्यावर सुरू झाला की हात जोडून थांबवा. ही ठिकाणं वाट वाकडी करायला लावतात, आणि भाड्याच्या गाडीत वाकड्या वाटेचा प्रत्येक किलोमीटर दुप्पट धरायचा असतो, जाण्याचा एक आणि परत मूळ रस्त्याला लागण्याचा एक.

एसटीने गेलात तर

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, त्यानंतर साध्या बसचा दर टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाला. १९० किलोमीटरचे ३२ टप्पे म्हणजे साधारण ३२२ रुपये. पण आपण एका गाडीत बसून सरळ माहूरला उतरू असं धरू नका. रिसोड, वाशिम, पुसद अशा बदल्या धरल्या की प्रत्येक तिकिटात अर्धवट टप्पा पूर्ण मोजला जातो, आणि बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. म्हणून एका मोठ्या माणसाचं एकेरी भाडं ३५० धरू.

आता सवलती. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व बसगाड्यांत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना, पुरुष असो की बाई, अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं, पाचाखालच्यांना काहीच नाही. सवलतीवर सवलत मिळत नाही. साठीच्या आईला बाई म्हणून अर्धं तिकीट मिळालं की ती सत्तरीची झाल्यावर पाव तिकीट होईल अशी आशा कुणी धरू नये. आजीचं आधारकार्ड मात्र पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवा. वाहक वय विचारतो तेव्हा गाडी सुटलेली असते आणि आजी स्वतःचं वय दरवेळी वेगळं सांगते. ह्या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. माहूर तेलंगणाच्या शेजारी असलं तरी नांदेड जिल्ह्यात येतं, त्यामुळे आपली अख्खी वाट सवलतीत बसते.

आपल्या घराचा हिशेब असा होतो : आजी शून्य, वडील १७५, आई १७५, नवरा ३५०, बायको १७५, मुलगा १७५. एकेरी १,०५०, दुहेरी २,१००. सवलती नसत्या तर हीच बेरीज ४,२०० झाली असती. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास कुणी सुचवेल, पण तो घेऊ नका. माणशी जाऊन-येऊन सातशेच्या आत काम होत असताना तो परवडत नाही. माहूर करून पुढे तुळजापूर, कोल्हापूरही करायचं असेल तर गोष्ट निराळी.

पैशाला पैसा लागून येतो तो असा. बस स्वस्त आहे, पण तीन ठिकाणी उतरायचं, फलाट शोधायचा, पुढच्या गाडीची वाट पाहायची. सकाळी सहाला निघालात तरी माहूरला पोचेपर्यंत दुपार कलते. गड, मग दत्तशिखर, मग अनसूया एवढं त्याच दिवशी करून परतणं होत नाही. म्हणजे बसने जाणाऱ्याला मुक्काम सक्तीचा. तो खर्च बसच्याच नावावर मांडायला हवा, तो वेगळा ठेवला की स्वस्ताई खोटी दिसते.

गाडी करायची तर कशी

स्वतःची गाडी असेल तर गणित सोपं. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी आणि १०५ रुपयांच्या आसपासचं पेट्रोल धरलं तर ४२० किलोमीटरला २८ लिटर, म्हणजे २,९४०. तीन हजार म्हणा. फक्त पाच जणांच्या गाडीत सहावं माणूस ‘पोरगंच आहे, मांडीवर बसेल’ म्हणून कोंबू नका. नऊ वर्षांचं पोरगं आपल्या मांडीवर पुसदपर्यंत बसवून पाहा, मग कळेल.

भाड्याची गाडी आपल्याकडे दोन तऱ्हांनी ठरते आणि भांडणं होतात ती ह्या दोन तऱ्हा एकमेकींत मिसळल्यामुळे. एक तऱ्हा किलोमीटरवर. समजा दर १४ रुपये ठरला, तर ४२० किलोमीटरचे ५,८८० होतात. पण ह्या तऱ्हेत बहुधा दिवसाला किमान किलोमीटरची अट असते, अनेकदा ३०० ची. एका दिवसात जाऊन आलात तर ४२० हा आकडा किमान अटीच्या वर जातो, काही बिघडत नाही. मुक्काम केलात की दोन दिवसांचे ६०० किलोमीटर मोजले जातात, गाडी तेवढी पळो न पळो. त्याचे झाले ८,४००. वर चालकाचा रोजचा भत्ता, ४०० धरला तर ८००. बेरीज ९,२००. एक रात्र झोपण्याची ही किंमत आहे, खोलीचं भाडं अजून मोजलेलंच नाही.

दुसरी तऱ्हा दिवसावर : दिवसाचं भाडं मालकाला, डिझेल आपलं. दिवसाचे २,००० धरले, लिटरला १२ किलोमीटर आणि ९२ रुपयांचं डिझेल धरलं, तर डिझेल ३,२२०, आणि दोन दिवसांचे मिळून ७,२२०. मुक्कामी जायचं असेल तर हीच तऱ्हा विचारून पाहा. उभ्या गाडीचं भाडं द्यावं लागतं, पण न पळालेल्या किलोमीटरचं लागत नाही.

निघण्यापूर्वी गाडीवाल्याशी बोलताना लाजू नका. आमच्या शेजारच्या काकूंचं बोलणं मी ऐकलं आहे, त्याहून चांगला नमुना मला देता येणार नाही.

‘भाऊ, किलोमीटर कुठून मोजतो? घरून की तुझ्या दारून?’

‘काकू, गाडी माझ्या दारून निघते ना.’

‘मग तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत देवी तुझी. पुढं माझी.’

हसण्यावारी गेलं, पण दोन्हीकडचे मिळून दहा-बारा किलोमीटर वाचले. ह्याशिवाय विचारायचं ते एवढंच : टोल, पार्किंग कुणाचं, चालकाचं जेवण-झोपणं कुणाकडे, रात्री दहानंतर जादा काही घेणार का, आणि माहूरला तिन्ही शिखरांवर गाडी नेणार की खाली उभी करणार. उत्तरं फोनवर संदेश करून लिहून घ्या. वाचायला कुणी मागत नाही, पण लिहिलेलं आहे एवढ्याने दोघांचीही आठवण चांगली राहते.

आता ह्या हिशेबातला खरा पेच. आजीचं तिकीट शून्य आहे, म्हणजे बसने गेलो तर सगळ्यात जास्त बचत तिच्यामुळे. आणि तीन वेळा बस बदलणं जिला झेपणार नाही तीही आजीच. जिच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत, तिच्यासाठीच नऊ हजारांची गाडी करावी लागते. माझं मत असं : पंच्याहत्तरीच्या वरचं माणूस सोबत असेल तर गाडी करा आणि दोन घरांनी मिळून मोठी गाडी करा. भावकीतलं दुसरं घरही त्याच देवीचं असतं, त्यांनाही जायचंच असतं. सगळे धडधाकट असतील तर बसने जा आणि वाचलेल्या पैशांत माहूरला एक रात्र निवांत राहा.

एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कागदावर स्वस्त दिसतो. पहाटे चारला निघायचं, नऊ-दहाला माहूर, दुपारी तीनला परत फिरायचं, रात्री नऊच्या पुढे घर. आपण मागे पेंगत असतो, पण चारशे किलोमीटर एकच माणूस चालवत असतो, आणि शेवटचे शंभर किलोमीटर अंधारात. वाचणारे तीन-साडेतीन हजार मला त्या शंभर किलोमीटरपेक्षा मोठे वाटत नाहीत.

गावातून वर

माहूर गावातून देवीच्या डोंगरावर पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे पायऱ्या. दत्तशिखर आणि अनसूया शिखराकडेही रस्ता जातो. बसने आलेल्यांना गावात जीप, रिक्षा मिळतात. तिथे ‘गडावर किती घेणार?’ असं विचारू नका, कारण तो दर देवीच्या पायऱ्यांपर्यंतचा, एकेरी सांगतील. ‘रेणुका, दत्त, अनसूया, तिन्ही करून परत गावात, मध्ये थांबून, सगळ्यांचे मिळून किती?’ असं विचारा. आपल्या सहा जणांच्या घरासाठी मी ह्या फेरीचे १,००० धरले आहेत. किल्ला पाहायचा असेल तर तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर चालक घड्याळ पाहत हॉर्न वाजवत बसतो.

आश्विनातल्या नवरात्रात हे सगळं बदलतं. तेव्हा खासगी गाड्यांना साधारणपणे गावाजवळच थांबवतात आणि वर एसटीच्या गाड्या फिरतात. म्हणजे आपण नऊ हजार देऊन आणलेली गाडी खाली उभी आणि आपण रांगेत. नवरात्रात जायचंच असेल तर बसनेच जावं, एवढा सरळ निष्कर्ष. नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेला आणि मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीलाही गर्दी मोठी असते.

मग जावं कधी? आपल्याकडे सोयाबीन घरात आल्याशिवाय हातात पैसा नसतो, आणि तो येतो तेव्हा नवरात्र-दसरा चालू असतो किंवा नुकता झालेला असतो. दिवाळीचे पाव्हणे गेले की दत्तजयंतीच्या गर्दीआधीचा जो काळ उरतो तो सगळ्यात चांगला. थंडी पडलेली, डोंगर अजून हिरवे, खोल्या मोकळ्या. सगळ्यात महाग आणि सगळ्यात त्रासाचा काळ म्हणजे मे महिना, आणि नेमके नवरा-नवरीला घेऊन लोक तेव्हाच जातात. लग्नसराईत गाड्यांचे दर चढलेले, दुपारी पायऱ्यांचे दगड तापलेले. नवं जोडपं देवीला नेण्याची घाई समजते, पण हळद उतरायच्या आत माहूर झालंच पाहिजे असा देवीचा काही आग्रह नाही. पहिल्या आषाढात नेलं तरी चालतं.

राहणं, खाणं

देवस्थानाचं भक्तनिवास, धर्मशाळा आणि खासगी लॉज असे तीन पर्याय. दोन खोल्यांचे मिळून १,४०० धरतो. भक्तनिवासात ह्याच्या आत भागेल, लॉजमध्ये थोडं वर जाईल. कराचं एक लक्षात ठेवा : धर्मादाय देवस्थानाने आपल्या आवारात दिलेल्या, दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीवर जीएसटी लागत नाही. खासगी लॉजवर ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. तेव्हा आठशेच्या खोलीवर कुणी अजून १२ टक्के लावून बिल देत असेल तर ते जुनं गणित आहे. बिलच देत नसेल आणि कर मात्र घेत असेल, तर तो कर कुठे जातो हे मी सांगायला नको.

खोली घेताना पैसे देण्याआधी दोन गोष्टी पाहा, गरम पाणी किती वाजता येतं आणि खोली सोडायची वेळ चोवीस तासांची आहे की सकाळी ठरावीक. पहाटे पाचला पोचून खोली घेतली आणि नऊला ‘आता दुसरा दिवस लागला’ असं ऐकलं, हे माझ्याच बाबतीत एका तीर्थाच्या ठिकाणी घडलं आहे. तेव्हापासून मी आधी घड्याळ विचारतो, मग खोली.

जेवणाचे दोन दिवसांचे सहा जणांचे २,४०० धरले आहेत. पहिल्या दिवसाची शिदोरी घरून नेली, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तर ह्यातले सहा-सातशे वाचतात आणि पोट ठीक राहतं ते वेगळं. पिशव्या हातात धरून चढू नका, वर माकडं आहेत आणि त्यांना धपाटे ओळखता येतात. पाण्याची बाटली वर महाग मिळते असं लोक गृहीत धरून चालतात. छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, डोंगरावर असो की रेल्वेत. ‘वर आणायला हमाली लागते’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. वाद घालायची इच्छा नसेल तर बाटलीचा आणि दुकानाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार करा. सोपा उपाय हाच की गावातूनच पाणी भरून न्या.

ओटी, पूजा आणि पुढे येणारं ताट

खर्च हाताबाहेर जातो तो इथे, आणि तो ठरवून कुणी करत नाही. देवीच्या ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी, हळकुंड, बांगड्या लागतात. साडी नेसवायची असेल तर साडी. हे सगळं लोणारच्या बाजारात, आपल्या ओळखीच्या दुकानात घ्या. पायथ्याशी तयार ताट मिळतं, दिसायला भरगच्च, पण त्यातला खण कसला आणि नारळ कुठला हे पाहायला कुणाला सवड नसते. घरून नेलेली ओटी दीडशे-दोनशेत होते, साडी आपल्या ऐपतीची. खरेदीचा हा अर्धा तास सासू-सुनेने सोबत घालवला तर तो प्रवासाचाच भाग होतो, असं माझी बायको म्हणते. मी पिशवी धरायला असतो.

अभिषेक, पूजा, नैवेद्य ह्यांसाठी देवस्थानाच्या कार्यालयात चौकशी करा, तिथे पैसे भरा, पावती घ्या. वाटेत भेटणाऱ्या माणसाने ‘लवकर दर्शन करून देतो, पूजा सांगतो’ म्हटलं तर आधी आकडा विचारा, आणि संकल्प सुरू झाल्यावर तो वाढणार नाही ना हेही विचारा. एकदा एका देवस्थानी, नाव सांगत नाही, माझ्या हातात धागा बांधताना ‘तुमच्या इच्छेचं द्या’ म्हटलं गेलं आणि मी माझ्या इच्छेचं दिल्यावर ती इच्छा कमी पडली. डोळे मिटून हात जोडलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. म्हणून ती डोळे मिटायच्या आधी करायची. आपल्या घराच्या हिशेबात ओटी, पूजा आणि दानपेटी मिळून मी १,००० ठेवले आहेत. ही रक्कम वेगळ्या पाकिटात, सुट्ट्या नोटांत, घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सहा जणांनी सहा ताटांत टाकलेल्या नोटांची बेरीज नंतर कुणालाच लागत नाही.

मोठी देणगी द्यायची असेल तर पावती नाव-पत्त्यासह घ्या. प्राप्तिकरात सवलत मागायचा विचार असेल तर २,००० च्या वरची देणगी रोख देऊ नका, ती सवलतीत धरली जात नाही. धनादेशाने किंवा बँकेतून द्या, आणि ते देवस्थान सवलतीला पात्र आहे का ते कार्यालयात आधी विचारा.

काही घरांत माहूर करून आल्यावर गोंधळ घालतात. तो खर्च ह्या फेरीत धरू नका, पण विसरूही नका. रेणुकेचे गोंधळी ते रेणुराई. संबळ, तुणतुणं, दिवटी घेऊन येतात, चौक मांडतात, रात्रभर जागवतात. दक्षिणा, शिधा आणि जमणाऱ्या भावकीचं जेवण ह्यांत जेवणाचाच खर्च सगळ्यात मोठा असतो. गोंधळ्यांची दक्षिणा ठरवताना मात्र घासाघीस करू नये असं मला वाटतं. ही कला जाणणारी घरं थोडी उरली आहेत आणि रात्रभर उभं राहून कथा सांगण्याचा भाव लग्नातल्या डीजेच्या तासापेक्षा कमी असावा हे बरं दिसत नाही.

बेरीज, आणि फुकटचा किल्ला

बसने : तिकिटं २,१००, माहुरातली जीप १,०००, खोल्या १,४००, जेवण २,४००, देवीचे १,०००. झाले ७,९००. भाड्याच्या गाडीने किलोमीटरवर, मुक्कामासह : ९,२०० आणि तेच खोली-जेवण-देवीचे ४,८००, म्हणजे १४,०००. दिवसावर ठरवली तर १२,०२०, चालकाचा भत्ता निघाला तर त्यात आठशेची भर. स्वतःच्या गाडीने, पाच जणच बसणार हे धरून : साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे स्वतःची गाडी आणि एसटी जवळजवळ सारखीच पडते, हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. ह्यावर हजारभर रुपये औषधं, पंक्चर आणि मुलाच्या खेळण्यासाठी हाताशी ठेवा. खेळणं घेतलं जाणारच.

ह्या सगळ्यात ज्याला जवळजवळ काही लागत नाही, पण वेळ लागतो, तो किल्ला. दोन तास काढा. हत्ती दरवाजातून आत जाता येतं. आत पडक्या महालांचे अवशेष, पाण्याचा मोठा साठा, महाकालीचं देऊळ आणि दूरवर धावणारी तटबंदी आहे. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढतं, तेव्हा पायात बूट हवेत आणि आजी-आईंना मंदिराच्या सावलीत बसवून यावं. नऊ वर्षांच्या मुलाला देवीच्या रांगेत जे कळत नाही ते बुरुजावर उभं राहिल्यावर कळतं, की माणसं एवढ्या उंचावर दगड वाहून का आणायची आणि खाली कुणाची वाट पाहायची. आमच्या मुलाने तिथून खाली बघत विचारलं होतं, आपल्याकडे खड्ड्यात देवी आणि इथे डोंगरावर का? मी म्हटलं, पायांना दोन्हीची सवय असावी म्हणून. त्याचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.

शेवटची खरेदी तांबुलाची. माहूरच्या देवीचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा, नागवेलीची पानं, कात, सुपारी, मसाले एकत्र कुटलेला. पेढे कुठेही मिळतात, हा इथेच. तो लवकर सुकतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत त्याला घाम सुटतो, म्हणून गड उतरताना अगदी शेवटी घ्या आणि स्टीलच्या छोट्या डब्यात भरा. डबा घरून न्यायला विसरू नका. गल्लीतली जेवढी घरं तेवढ्या चिमटी धरून घ्या, आणि एक चिमूट जादा, कारण वाशिमच्या पुढे गाडीतलंच कुणीतरी तो डबा उघडतं.